हातभर विमान आणि त्याखालची भूमी

दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेकी विमानाची लहान प्रतिकृती जुळविणे हा आज कित्येक घरांतील तरुणांचा आवडता छंद होय. पेटीतून पंख, धड, शेपटी, चाके असे सुटे भाग निघतात. ते क्रमाने डकवून वर रंग व निशाण्या दिल्या, की विमान फडताळावर विराजमान होते. परंतु या लहानशा वस्तूमागे युद्धाचा मोठा इतिहास आहे.

इंग्लंडात १९३६ साली फ्रॉग या कंपनीने ‘पेंग्विन’ नावाचे प्लॅस्टिकचे संच विक्रीस आणले. त्यांचे प्रमाण १:७२ होते. म्हणजे प्रतिकृतीतील एक इंच हा खऱ्या विमानाचे सहा फूट. युद्ध पेटल्यावर याच प्रमाणास गंभीर काम मिळाले. आकाशातील विमान स्वकीयांचे की शत्रूचे, हे क्षणार्धात न ओळखल्यास आपल्याच माणसांवर तोफ डागली जाण्याचे भय असे. म्हणून १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांकडून पाच लाख प्रतिकृती मागविल्या. या मापाची प्रतिकृती पस्तीस फुटांवरून पाहिली, की ती सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. मुलांच्या हातचे काम अशा रीतीने सैनिकांचे पाठ्यपुस्तक झाले.

त्या काळच्या अवजड विमानांपैकी लिबरेटर हे आपल्या देशाशी विशेष निगडित आहे. युद्ध संपल्यावर कानपूर येथे अशी अनेक विमाने मोडतोड करून टाकून देण्यात आली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने ती पुन्हा उड्डाणयोग्य केली, आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाचे पाचवे स्क्वाड्रन त्यांवर उभे राहिले. १९५१ साली पुण्यास सहावे स्क्वाड्रनही त्यांवरच उभारण्यात आले. १९६८ अखेर ती निवृत्त झाली. तेव्हा लिबरेटरच्या प्रतिकृतीवर कोणी भारतीय हवाई दलाचे तिरंगी वर्तुळ रंगविले, तर ते इतिहासाला धरूनच होय. खऱ्या लिबरेटरचे पंख ११० फूट पसरत. प्रतिकृतीत ते सव्वाअठरा इंच, म्हणजे हातभर भरतात.

विमान असे हातभर झाले, तरी त्याला लागणारी भूमी मात्र पेटीत येत नाही. अवजड विमानास सहा हजार फुटांची धावपट्टी हवी असे. १:७२ प्रमाणात तीही त्र्याऐंशी फूट होते, आणि कोणत्याही दिवाणखान्यात मावत नाही.

या भूमीची कथा पाहण्यास फार दूर जावयास नको. बारवी धरणाचे पाणी ज्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या शहरांस मिळते, त्यांच्या परिसरावर महायुद्धाने खोल ठसा उमटविला आहे. कल्याणजवळील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आश्रय मिळाला. १९४९ साली तिचे नाव उल्हासनगर झाले, आणि तेथील वस्त्या अद्याप कॅम्प क्रमांकांनी ओळखल्या जातात. शेजारीच नेवाळी येथे ब्रिटिश सरकारने युद्धकाळी विमानतळासाठी दीड हजारांहून अधिक एकर जमीन घेतली. युद्ध संपले, विमाने गेली, शेतकरी पुन्हा नांगर धरू लागले. परंतु मालकीचा प्रश्न सुटला नाही. जमीन युद्धापुरतीच घेतली होती, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. ती संरक्षण खात्याची आहे, असे सरकारचे. नौदलाने तेथे कुंपणाची भिंत घालण्यास आरंभ केल्यावर २२ जून २०१७ रोजी आंदोलन उग्र झाले, आणि शेतकरी व पोलीस दोघेही जखमी झाले.

लांबी बहात्तर पटीने घटली, की क्षेत्रफळ पाच हजार एकशे चौऱ्याऐंशी पटीने घटते. त्या हिशेबाने नेवाळीचे दीड हजार एकर खेळण्याच्या मापात आणले, तरी साडेअकरा गुंठे उरतात. एवढ्या जागेत एका शेतकऱ्याचे घर, गोठा आणि भाजीचा मळा सुखाने मावतो.