७.६२ हा आकडा एकच, मग बंदुकीचा धक्का वेगवेगळा का? रिकॉइलचं गणित काय असतं?

'बीजीएमआय' खेळणाऱ्या कोणालाही विचारा. एकेएम चालवली की नळी वर वर पळते आणि एम४१६ त्यामानाने शांत राहते, हे तो लगेच सांगेल. कारणही ठरलेलं असतं : एकेएमला ७.६२ ची गोळी लागते आणि एम४१६ ला ५.५६ ची.

हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. याच गेममध्ये एसएलआर ही रायफलही '७.६२' च्याच गोळ्यांवर चालते. प्रत्यक्षात मात्र एकेएमचं काडतूस एसएलआरमध्ये चालत नाही आणि दोन्हींचा धक्काही सारखा नसतो. मग हा धक्का, म्हणजेच रिकॉइल, नेमका कशावर ठरतो?

बंदूक मागे का येते?

शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम इथे लागू होतो. गोळी पुढे जाते, तेव्हा बंदूक मागे ढकलली जाते. फक्त गोळीच नाही, तर तिच्यामागून नळीबाहेर पडणारा बारुदाचा गरम वायूही बंदुकीला मागे रेटतो.

म्हणून तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात : गोळीचं वजन, तिचा वेग आणि बारुदाचं प्रमाण. चौथी गोष्ट म्हणजे बंदुकीचं स्वतःचं वजन. तेच काडतूस २ किलोच्या बंदुकीतून झाडलं, तर ४ किलोच्या बंदुकीच्या दुप्पट ऊर्जा खांद्यावर येते.

आकडा काय सांगतो, काय लपवतो?

७.६२ किंवा ५.५६ हे गोळीच्या जाडीचे, मिलिमीटरमधले आकडे आहेत. त्यावरून गोळीमागे किती बारूद आहे, हे कळत नाही. त्यासाठी पुढचा आकडा बघावा लागतो. एकेएमचं काडतूस ७.६२ × ३९ असतं आणि एसएलआरचं ७.६२ × ५१. दुसरा आकडा काडतुसाच्या कवचाची लांबी सांगतो. लांब कवचात बारूद जवळपास दुप्पट मावते.

पॉइंट टू-टू रायफलचं उदाहरण आणखी बोलकं आहे. एनसीसीच्या कॅडेट्सना याच रायफलवर नेमबाजी शिकवली जाते. तिची गोळी जाडीला जवळपास ५.५६ एवढीच असते. पण एक गोळी साधारण २.६ ग्रॅमची, सेकंदाला ३३० मीटर वेगाने जाणारी. तर दुसरी ४ ग्रॅमची, सेकंदाला ९०० मीटरने सुटणारी.

सगळी काडतुसं ४ किलोच्या बंदुकीतून झाडली असं धरलं, तर धक्क्याच्या ऊर्जेचा ढोबळ हिशोब असा येतो :

- पॉइंट टू-टू : सुमारे ०.१ ज्यूल
- ५.५६ (इन्सास) : सुमारे ४ ज्यूल
- ७.६२ × ३९ (एके) : सुमारे ७ ज्यूल
- ७.६२ × ५१ (एसएलआर) : सुमारे १६ ते १७ ज्यूल
- थ्री-नॉट-थ्री : सुमारे १६ ज्यूल
- १२ बोअर, ३२ ग्रॅम छर्ऱ्यांचं काडतूस : २५ ज्यूलच्या वर

दीड किलोची वस्तू एक मीटर उंचीवरून पडली की जेवढी ऊर्जा तयार होते, ती साधारण १५ ज्यूल असते.

मोजलेला धक्का आणि जाणवलेला धक्का

यादीत एसएलआर आणि थ्री-नॉट-थ्री जवळपास सारख्या दिसतात. खांद्याला मात्र त्या सारख्या लागत नाहीत. थ्री-नॉट-थ्रीमध्ये प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढावा लागतो, त्यामुळे सगळा धक्का एका झटक्यात येतो. एसएलआरमध्ये वायूच्या दाबाने आतले भाग मागे सरकतात आणि तोच धक्का थोडा पसरून येतो. एक ठोसा वाटतो, दुसरा ढकलल्यासारखा.

दस्त्याचा आकार, त्यामागची रबराची गादी, नळीच्या टोकाला वायू वळवणारा ब्रेक यांनीही फरक पडतो. दस्ता खांद्याला सैल लावला, तर मधल्या फटीत बंदूक वेग घेते आणि जास्त लागते.

पिस्तुलाचं गणित वेगळं. ९ एमएमचा धक्का आकड्यात जेमतेम ६ ज्यूल, पण आधाराला खांदा नसतो. नळी मुठीच्या वर असल्याने पिस्तूल मनगटातून वर उसळतं.

याने बिघडतं काय?

दुखापतीपेक्षा मोठा प्रश्न नेमाचा आहे. दोन-चार जोरदार धक्के बसले, की शरीर पुढच्या धक्क्याची वाट बघू लागतं. ट्रिगर दाबण्याआधीच डोळे मिटतात, खांदा आखडतो आणि गोळी भलतीकडे जाते. म्हणूनच नवशिक्यांची सुरुवात पॉइंट टू-टूवर होते.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. या प्रकारातही पॉइंट टू-टूचंच काडतूस वापरतात आणि पुरुषांच्या रायफलचं वजन ८ किलोपर्यंत चालतं. तिथे धक्का जवळपास शून्य. खरा कस लागतो तो श्वास आणि तोल सांभाळण्यात.

सैन्याला मात्र धक्का टाळता येत नाही, त्याची किंमत ठरवावी लागते. भारतीय लष्कराने ७.६२ × ५१ ची एसएलआर सोडून १९९० च्या दशकात ५.५६ ची इन्सास आणली. धक्का कमी झाला आणि तेवढ्याच वजनात जवानाला जास्त गोळ्या नेता येऊ लागल्या. पण गोळीची ताकदही घटली. २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफलींची ऑर्डर देऊन लष्कर पुन्हा ७.६२ × ५१ कडे वळलं. २०२१ मध्ये एके-२०३ चा करार झाला. तिचं काडतूस ७.६२ × ३९, म्हणजे धक्क्याच्या बाबतीत दोघींच्या मधलं.

आणि सिनेमातलं दृश्य?

गोळी लागताच माणूस दहा फूट मागे उडतो, हे फक्त पडद्यावर घडतं. गोळीत तेवढा रेटा असता, तर ती झाडणाराही तेवढाच मागे उडाला असता.