बुलढाणा जिल्हा आणि प्रश्न विचारण्याचे शिक्षण

बुलढाणा जिल्ह्यात तात्त्विक विचार शिकवण्याची परंपरा शाळांच्या कितीतरी आधी, महानुभाव पंथापासून सुरू होते. तेराव्या शतकात या पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी वऱ्हाडात फिरले; त्यांच्या आठवणींचा ग्रंथ असलेल्या लीळाचरित्रात लोणार आणि मेहकर या गावांचे उल्लेख येतात. शिष्यांनी शंका विचारायच्या आणि स्वामींनी मराठीत, रोजच्या व्यवहारातला दाखला देऊन त्या सोडवायच्या, अशी ही रीत होती. महानुभाव ग्रंथकार केसोबासांनी असे ११४ दाखले ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. प्रत्येकाची मांडणी तीन पायऱ्यांची: सूत्र, त्यावरचा दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीचा सिद्धांताशी घातलेला मेळ.

हत्तीचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. आंधळ्यांच्या गावात हत्ती येतो. पाय चाचपणारा त्याला खांब म्हणतो, कान चाचपणारा सूप. एकही जण खोटे बोलत नाही, तरी हत्ती कोणालाच कळलेला नसतो. पूर्ण हत्ती डोळसालाच दिसतो. आपल्याला कळते ते कितपत खरे, हा तत्त्वज्ञानातला मूळ प्रश्न इथे दहा वर्षांच्या मुलालाही झेपेल अशा रूपात आला आहे. हे दृष्टांत सांगितले गेले मात्र मोठ्या माणसांना, आणि दार्ष्टांतिकात उत्तरही ठरलेले असे.

एकोणिसाव्या शतकात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) प्रश्नोत्तरांत लिहिली. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. त्याआधीच, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला होता. वेद ब्राह्मणांचेच असतील तर मग आमचा धर्म कोणता, असा सवाल या मांग समाजातल्या शाळकरी मुलीने त्यात केला. विद्यार्थ्याने स्वतःच्या जगण्यातून उभ्या केलेल्या तात्त्विक प्रश्नाचे इतके धारदार उदाहरण मराठीत विरळाच. फुल्यांचा हा सत्यशोधकी विचार बुलढाण्यातही रुजला. जिल्ह्यातील सत्यशोधक कार्यकर्ते पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी १९२७ मध्ये फुल्यांचे चरित्र प्रसिद्ध केले.

वर्गातील स्वतंत्र विषय म्हणून मुलांसाठीचे तत्त्वज्ञान अमेरिकेत १९७० च्या दशकात आकाराला आले. मॅथ्यू लिपमन यांनी त्यासाठी मुलांच्या कथा लिहिल्या. वर्गाने कथा मिळून वाचायची, प्रश्न मुलांनीच काढायचे आणि शिक्षकाने उत्तर न देता चर्चा पुढे न्यायची, ही त्यांची पद्धत. गोष्टीपासून सुरुवात दृष्टांतातही होती. दार्ष्टांतिक मात्र इथे मुलांवर सोपवलेले आहे, आणि हाच फरक मोलाचा.

या पद्धतीला लागणारे साहित्य जिल्ह्यातच आहे. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर लवणासुर या राक्षसाच्या वधातून झाले, अशी आख्यायिका आहे. पुढे अभ्यासकांनी ज्वालामुखीचा तर्क मांडला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिथल्या खडकात प्रचंड आघाताच्या दाबाने बनलेली मास्केलिनाइट ही काच आढळल्याचे दाखवले गेले आणि उल्काघाताचे मत पक्के झाले. आख्यायिका, तर्क आणि पुरावा यांतला फरक शिकवायला बुलढाण्याच्या शिक्षकाला याहून चांगला धडा मिळणार नाही. तो विवराच्या काठावर शिकवावा आणि पहिला प्रश्न मुलांना विचारू द्यावा.