वेतोबाच्या वहाणा

फोंड्याच्या बाजारात माझं चपलांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नवा जोड पायात घालून बघत असतं, तेव्हा मी त्याचा जुना जोड उलटा करून बघतो. टाच कुठल्या अंगाने झिजली यावरून माणसाची चाल कळते. ही विद्या बाबांची. पण झिजेवरून चालण्याचा हिशेब लावायची रीत त्याहून जुनी, थेट देवाच्या पायांतली आहे.

पेडणे मागे टाकून तेरेखोल नदी ओलांडली की शिरोड्याजवळ आरवली लागते, लेखक जयवंत दळवींचं गाव. तिथला वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो. नवस फेडायला लोक त्याला केळीचे घड वाहतात आणि कातड्याच्या भल्यामोठ्या वहाणा. त्या वहाणांचे तळ झिजलेले दिसले की देव फिरून आला, अशी श्रद्धा. आमच्या मंगेशीला, म्हार्दोळला चपला बाहेर काढूनच आत जायचं. इथे कातडं देवासमोर मानाने मांडलेलं. ज्या चर्मकाराला एके काळी बहुतेक देवळांची पायरी बंद होती, त्याच्या हातची शिलाई देवाला चालत होती. श्रद्धेचं सोडा, मला या गोष्टीचं नवल अधिक.

बाकी जगाने झिजेऐवजी यंत्र बसवलं. १९८४ साली आदिदासने मायक्रोपेसर काढला. डाव्या बुटावरच्या छोट्या पडद्यावर अंतर दिसे. १९८६ मध्ये पुमाने टाचेत चिप घातली. धावून आल्यावर बूट वायरने कॉम्प्युटरला जोडायचा! २००६ मध्ये नाइकीने वायर काढून टाकली. बुटातला सेन्सर आयपॉडशी बोलू लागला. पण सगळ्यांचा प्रश्न वेतोबाच्या भक्तांचाच, किती चालणं झालं?

वेगळा प्रश्न विचारला तो आपल्याकडच्या दोघांनी. अनिरुद्ध शर्मा आणि क्रिस्पियन लॉरेन्स यांनी हैदराबादेतून ‘ले चल’ नावाचे बूट काढले. प्रश्न होता, कुठे वळायचं? फोनवर ठिकाण सांगायचं. डावीकडे वळायचं असेल तर डावा बूट थरथरतो, उजवीकडे तर उजवा. मूळ विचार अंध माणसांचा होता.

माझ्याकडे असला जोड मागायला क्वचितच कुणी येतं. पावलं खिशातला फोनच मोजतो. खपतात ते पोरांचे, टाच आपटली की दिवे लागणारे. जूनमध्ये आया तेवढंच विचारतात, पाण्यात गेला तर दिवा राहील ना? मी सोल दाखवतो, दिव्याची हमी देत नाही.