मिरगी : बगदाद ते यवतमाळ

काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात आम्ही तारीख शिकवीत होतो. अचानक एक मुलगी बाकावरून कोसळली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. कुणी चप्पल हुंगवायला धावले, कुणी "साया है" म्हणाले. शुद्धीवर येताच तिने आधी ओढणी सावरली. संध्याकाळी तिची आई घरी आली. म्हणाली, "सर, किसी को बोलना मत, रिश्ता नहीं आएगा." दोन वर्षे तावीज-गंडे चालू होते, डॉक्टर एकदाही नाही.

सही बुखारीत अशाच एका आजारी स्त्रीचा उल्लेख आहे. झटक्यात अंग उघडे पडू नये, एवढीच दुआ तिने अखेर मागितली. रसूलुल्लाह (स.) यांनी तिला झिडकारले नाही, सब्र केल्यास जन्नतची खुशखबर दिली. मग आपण तिला का लपवतो?

हा मेंदूचा आजार आहे, हे काही नवे ज्ञान नाही. यूनानी हकीम बुकरात यांच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथात सुमारे 2400 वर्षांपूर्वीच तसे लिहिले आहे. नवव्या शतकात बगदादच्या हुनैन इब्ने इसहाक आणि त्यांच्या साथीदारांनी यूनानी वैद्यकाचे ग्रंथ अरबीत आणले. इब्ने सीना (980-1037) यांनी 'अल-कानून फित्-तिब'मध्ये 'सरअ' या नावाने मिरगीची चर्चा मेंदूच्या आजारांत केली. बाराव्या शतकात हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपने तो शतकानुशतके अभ्यासला. आपल्याकडे चरकसंहितेतही 'अपस्मार' आहेच.

पुढे औषधे आली. 1857 मध्ये लंडनला ब्रोमाइडचा गुण कळला, 1912 मध्ये फिनोबार्बिटोन, 1938 मध्ये फेनिटॉइन. 1924 मध्ये जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी प्रथम नोंदवल्या. आजची ईईजी तपासणी त्यातूनच आली.

विदर्भात नागपूरचे मेडिकल कॉलेज 1947 चे, सेवाग्रामचे 1969 चे, यवतमाळचे 1989 चे. तरी मेंदूविकारतज्ज्ञासाठी यवतमाळकर वर्षानुवर्षे दीडशे किलोमीटरवरचे नागपूरच गाठत आले. उमरखेडकडचे लोक नांदेडला जातात. रोजमजुरी बुडवून, बसभाडे भरून ही वाट किती जण शेवटपर्यंत चालणार? झटके थांबले की गोळ्याही थांबतात आणि आजार पुन्हा उलटतो.

वाटेत कायदाही आडवा होता. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात वारंवार येणारी मिरगी लग्नाला अडसर ठरली. 1970 मध्ये स्थापन झालेल्या इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने त्याविरुद्ध पाठपुरावा केला आणि 1999 मध्ये ती अट गेली. मुस्लिम विवाह-विच्छेदाच्या 1939 च्या कायद्यात मिरगीचे नावच नाही. म्हणजे आपल्या मुलींचे रिश्ते कायद्याने नाही, बिरादरीने तोडले.

आणखी एक गैरसमज. मेंदूत फीतकृमीच्या अळ्या जाऊनही झटके येतात. हा कृमी डुकराच्या मांसाशी जोडलेला, म्हणून आपण निर्धास्त! पण त्याची अंडी दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतूनही पोटात जातात.

नियमित औषधाने 10 पैकी सुमारे 7 रुग्ण झटक्यांपासून मुक्त होऊ शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रमजानमध्ये गोळी चुकली, झोप मोडली तर धोका वाढतो. रोजा ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला सवलत दीननेच दिली आहे. झटका आला तर रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट दवाखाना.

त्या मुलीला तिच्या वडिलांनी अखेर नागपूरला नेले. गोळ्या सुरू झाल्या, झटके थांबले. ती दहावी पास झाली. निकालाच्या दिवशी तिची आई पेढे घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "सर, अब भी किसी को मत बोलना."

आजाराला औषध मिळाले. या भीतीला औषध देणे आपल्याच हातात आहे.