बिबट्या आणि धनगर (मुळशी)

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या मुळशी तालुक्यात गुरे-मेंढरे राखणारा धनगर समाज आणि बिबट्या यांची एकाच रानात नांदण्याची रीत, तसेच ती टिकवण्याचे उपाय. या बिबट्याला घाटमाथ्यावर वाघरू किंवा नुसते वाघ म्हणतात.

येथे धनगर दोन प्रकारचे. गवळी धनगर म्हशी पाळतात व डोंगरावरच्या धनगरवाड्यांत बारमाही राहतात. मेंढपाळ धनगर हे बारामती, इंदापूरकडचे. पावसाळा सरला की त्यांचे वाडे, म्हणजे फिरते तळ, पश्चिमेकडे, काही थेट कोकणात उतरतात आणि वाटेत शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतात.

बिबट्याचे भक्ष्य मुख्यतः शेळी, मेंढी, कुत्रा आणि पारडू. वाढलेल्या म्हशीच्या वाटेला तो सहसा जात नाही. कळपातल्या म्हशी एकवटून अंगावर येतात, हे त्यालाही ठाऊक असते. म्हणून खरी राखण असते ती रात्रीची, आणि ती गोठ्यात होते. गवळी धनगराच्या जुन्या घरात माणसे व लहान जनावरे एकाच छपराखाली असत. भिंती मात्र कारवीच्या कुडाच्या. पावसाळ्यात कूड कुजतो, खालून फट पडते आणि बिबट्या पंजाने ती मोठी करून आत शिरतो. कित्येकदा दार भक्कम असते आणि छप्पर उघडे! गोठ्याला चारही बाजूंनी व वरूनही लोखंडी जाळी, दाराला खालपर्यंत फळी, आतून अडसर आणि भोवतीचे झुडूप काढून टाकणे, एवढ्याने बरेच नुकसान टळते. मेंढपाळांकडे वाघर आहे: काठ्यांना जाळे ताणून केलेला रात्रीचा कोंडवाडा. त्यात मेंढ्या, भोवती कुत्री आणि कडेला झोपलेली माणसे. वाघर बिबट्याला अडवण्याइतकी उंच नसते. राखण करतात ती माणसे आणि कुत्रीच.

‘पकडून दूर सोडा’ ही मागणी समजण्यासारखी आहे, कारण एका पारडामागे घराचे पुढच्या काही वर्षांचे दूध जाते. पण त्याचा अनुभव जुन्नरने घेतला आहे. तेथे १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. पकडलेले २९ बिबटे जवळच्या जंगलांत सोडल्यानंतर ही सरासरी १७ वर गेली, असे विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०११ मधील शोधनिबंधात नोंदले आहे. जागेवरून हलवलेला बिबट्या अनोळखी मुलखात माणसांच्या अधिक जवळ येऊ शकतो. मुळशीत हा धडा विसरणे परवडणार नाही.

बिबट्याकडे येथे श्रद्धेनेही पाहतात: आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस पाळतात. सह्याद्रीत वाघोबा व वाघजाई या देवतांची ठाणी ठिकठिकाणी आहेत. या श्रद्धेमुळे लोक जनावर गेले तरी बिबट्याच्या जिवावर सहसा उठत नाहीत, आणि हे मोठे बळ आहे. मात्र मेलेल्या जनावराची किंमत श्रद्धा भरून देत नाही. ती शासन देते. बिबट्याला १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, आणि त्याने मारलेल्या पाळीव जनावराची भरपाई वनविभागाकडून मिळते. त्यासाठी ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे लागते आणि पंचनाम्यापर्यंत मृत जनावर जागचे हलवता येत नाही. डोंगरावरच्या वाडीतून खाली येऊन वर्दी देण्यात दिवस मोडतो. म्हणून माझ्या मते पंचनामा वेळेत होणे हा सहजीवनाचा जाळीइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

२०१३ मध्ये घोषित झालेल्या ताम्हिणी अभयारण्यामुळे जंगलाचा काही भाग सुरक्षित झाला. बाहेर मात्र लवासासारखी वसाहत, फार्महाऊस आणि रिसॉर्ट यांनी चराऊ सडे कुंपणात घेतले. त्यांच्या उघड्या कचऱ्यावर भटकी कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. या कचऱ्याची विल्हेवाट लावणे हे तो करणाऱ्यांचे काम. आज त्याची किंमत शेजारच्या वाडीतला गोठा मोजतो.

फिरत्या वाड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. मेंढी मुळशीत मारली जाते, घर बारामतीकडे असते आणि पंचनाम्याचे कागद पुरे होईतो वाडा घाट उतरून गेलेला असतो.