राख, चिंच, कल्हई आणि घासणारे हात

मागच्या व्याख्यानात आपण चुलीपाशी थांबलो होतो. आज त्याच चुलीतली राख घेऊन मोरीकडे जाऊ.

घासण्यापुसण्याच्या जुन्या युक्त्यांना आपण कौतुकानं 'आजीबाईचा बटवा' म्हणतो. आम्हाला हे कौतुक अपुरं वाटतं. त्या युक्त्यांत पक्कं रसायनशास्त्र होतं, आणि बायकांची रोजची राबणूकही होती.

लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ते अल्कधर्मी, म्हणून नारळाच्या शेंडीवर ओली राख घेऊन घासलं की तेलकटपणा सुटतो. राख चाळून घ्यावी लागे, नाहीतर खड्यानं ओरखडे पडत. पण तांब्या-पितळेवरचा काळपट थर राखेला दाद देत नाही. तिथं आंबट हवं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तो थर विरघळवतं, म्हणून देवाची उपकरणी चिंचेनं लख्ख होत. मात्र लगेच धुवून कोरडी पुसायची. चिंच तशीच राहिली तर डाग पडलेच!

आता गंमत बघा. बाहेरून चमक आणणारं हेच आंबट आतून घातक. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. त्यावर उपाय कल्हईचा. कल्हईवाला भात्यानं कोळसे फुलवी, तापल्या भांड्यात नवसागर टाकी. त्यानं धातू स्वच्छ झाला की कथील फिरवी. कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नाही, आणि आतून खसाखसा घासायचंही नाही. हा नियम घरातल्या पोरीबाळींनाही ठाऊक असे.

मग स्टील आलं. पितळ मोडीत गेलं, जुने कपडे बोहारणीकडे गेले आणि फळीवर स्टीलचे डबे आले. गॅस आला, तशी राखही संपली. तिची जागा पावडरीनं घेतली. भारतात सर्फ 1959 मध्ये आला, अहमदाबादेत निरमा 1969 मध्ये सुरू झाला. ही पावडर खरं तर कपड्यांची, पण कितीतरी घरांत भांडीही तिच्यावरच निघत. धुण्याचा सोडा असलेल्या पावडरीत रोज हात घातले की कातडी कोरडी पडते, भेगाळते.

स्टीलनं कष्ट वाचवले असं म्हणतात. कुणाचे? घरच्या बाईचे वाचले असतील. पण चार-पाच घरची भांडी घासणाऱ्या बाईचं काय? 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. पगार आणि रजा हे त्यांचे साधे प्रश्न होते. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कायदा व्हायला मात्र 2008 उजाडलं, आणि तोही कल्याण मंडळाचा. किमान वेतनाचा नव्हे.