परभाषेचे वाक्संप्रदाय आणि बेंबळीचा मुलूख

ज्या शब्दसमूहाचा अर्थ त्यातील सुट्या शब्दांच्या अर्थांची बेरीज करून हाती येत नाही, त्यास वाक्संप्रदाय किंवा वाक्प्रचार म्हणतात. म्हण ही स्वतःच एक पूर्ण विधान असते, तर वाक्प्रचार वाक्याच्या पोटात, बहुधा क्रियापदाच्या आधाराने वावरतो. धाराशिव तालुक्यातील बेंबळी आणि तिच्या भोवतालच्या मुलखात इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थ शिकण्याचा इतिहास पुण्या-मुंबईच्या इतिहासाहून वेगळा आहे, कारण १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या या भागात इंग्रजी आणि मराठी यांच्यामध्ये आधी फारसी आणि नंतर उर्दू उभी होती, आणि परकी भाषा बहुधा दुसऱ्या परक्या भाषेच्या खिडकीतून पाहावी लागत होती.

तथापि परभाषेचे वाक्प्रचार पचवण्याची सवय या मुलखाला इंग्रजीच्या कितीतरी आधीपासून होती. बहमनी काळापासून दरबार आणि वरिष्ठ कारभार यांची भाषा मुख्यतः फारसी राहिल्यामुळे तिच्यातील शब्दांइतकीच तिच्यातील बोलण्याची वळणेही मराठीत उतरली. फारसीतील 'कमर बस्तन' आणि 'गोता खुर्दन' यांच्याशेजारी मराठीतील 'कंबर बांधणे' आणि 'गोता खाणे' ठेवले, म्हणजे हे नाते ध्यानात येते. १६७७ च्या सुमाराच्या राजव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले खरे, परंतु कोशाच्या हाती शब्द लागतात, बोलण्याची वळणे लागत नाहीत, आणि त्यामुळे ही वळणे मराठीत कायमची राहिली.

या भागाचा इंग्रजीशी पहिला थेट राजकीय संबंध १८५३ मध्ये आला. त्या वर्षीच्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा प्रदेशही इंग्रजांच्या व्यवस्थापनाखाली दिला, आणि १८६० च्या तहाने तो परत मिळेपर्यंत येथील कारभार इंग्रज अधिकाऱ्यांनी पाहिला. त्यांपैकी फिलिप मेडोज टेलर हा नळदुर्गचा अधिकारी पूर्वीच कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झाला होता. १८३९ मधील त्याच्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीने 'ठग' हा आपल्याकडचा शब्द इंग्लंडातील वाचकांच्या ओळखीचा केला, आणि १८६३ मधील 'तारा' या कादंबरीत त्याने तुळजापूरच्या परिसरातील माणसांना इंग्रजीत बोलते केले. म्हणजे या मुलखात इंग्रजी वाक्प्रचार मराठीत येण्याआधी येथील बोलणे इंग्रजीत नेण्याचा प्रयत्न झाला, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासात जितकी नोंदली जावी तितकी नोंदली गेलेली नाही.

प्रदेश परत गेल्यावर इंग्रजी पुन्हा दूर गेली. १८८० च्या दशकात संस्थानाच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने सर्व उच्च शिक्षण उर्दूतून देताना इंग्रजी हा विषय मात्र अनिवार्य ठेवला. घरी मराठी बोलणारा आणि प्राथमिक शाळेत मराठी शिकलेला मुलगा माध्यमिक शाळेत गेला, की इंग्रजी वाक्याचा अर्थ त्याला बहुधा उर्दूत सांगितला जाई. या व्यवस्थेचे सर्वांत मोठे साधन मराठवाड्यातच तयार झाले. मौलवी अब्दुल हक हे शिक्षण खात्यातील कामाच्या निमित्ताने औरंगाबादेस राहिले असता अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालयही तेथे होते, आणि त्याच संस्थेने १९३७ मध्ये, कन्साइज ऑक्सफर्ड कोशाच्या आधाराने रचलेला, त्यांच्या संपादनाखालील इंग्रजी-उर्दू कोश प्रसिद्ध केला. याच अब्दुल हकांनी त्यापूर्वी, १९३३ मध्ये, मराठीवरील फारसीच्या प्रभावावर उर्दूत स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. एका भाषेची वळणे दुसरीत कशी मुरतात याचा एवढा अभ्यास असलेला विद्वान इंग्रजी कोशाचे काम करीत होता, हा योग मोलाचा होता, मात्र त्याचा लाभ उर्दूला जितका झाला तितका येथील मराठी मुलाला होणे कठीण होते.

ही अडचण एका उदाहरणाने स्पष्ट होते. 'टु वॉश वन्स हँड्स ऑफ' या इंग्रजी वाक्प्रचारामागे बायबलातील रोमन सुभेदार पाँटियस पायलेट याची कथा आहे. येशूच्या मृत्यूची जबाबदारी आपली नव्हे, हे दाखवण्यासाठी त्याने लोकांसमोर हात धुतले, म्हणून या प्रयोगाचा अर्थ जबाबदारी झटकणे असा झाला. उर्दूतील 'हाथ धो बैठना' याचा अर्थ मात्र एखादी गोष्ट गमावणे असा आहे. मराठीत 'हात धुऊन घेणे' म्हणजे आयत्या संधीचा लाभ उठवणे, आणि 'हात धुऊन मागे लागणे' म्हणजे पिच्छा न सोडणे. पाणी तेच, हात तेच, आणि अर्थ चार. अशा ठिकाणी उर्दूवरून इंग्रजीकडे जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला शब्दशः वाट दोनदा फसवत असे, आणि 'हात झटकणे' हा नेमका मराठी प्रयोग जिभेवर असूनही तो वर्गात उच्चारला जाण्याची संधी थोडी होती.

संस्थानाच्या सीमेपलीकडे, इंग्रजी अमलातील सोलापुरात आणि बार्शीत, परिस्थिती निराळी होती. तेथे इंग्रजीचे अध्यापन मराठीच्या आधाराने होई, आणि मुंबई इलाख्यात पिढ्यान्‌पिढ्या चाललेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला विद्यार्थ्याकडून इंग्रजी वाक्यांची मराठी व मराठी वाक्यांची इंग्रजी करून घेई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या इंग्रजीच्या घडणीचे श्रेय वडिलांना दिले, ते याच पुस्तकांच्या अभ्यासासाठी आणि नेमका प्रतिशब्द शोधण्याच्या शिस्तीसाठी. नीळकंठ बाबाजी रानडे यांचा १९०३ ते १९१६ या काळात निघालेला इंग्रजी-मराठी कोश याच परंपरेतील होय. बेंबळीच्या मुलखातील ज्या थोड्या कुटुंबांना मुलगा सोलापूरला ठेवणे परवडे, त्यांना ही वाट खुली होती. उरलेल्यांसाठी स्थानिक प्रयत्नांतून शाळा निघाल्या. आज लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परगा येथील १९२१ ची राष्ट्रीय शाळा ही त्यांतील अग्रगण्य, आणि तेथे शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ यांनी पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या.

इंग्रजी वाक्प्रचारांचा मोठा साठा समुद्र, जहाजे, शिकार आणि बायबल यांतून आला असल्यामुळे बालाघाटाच्या डोंगररांगांतील कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला त्यातील चित्रे अनोळखी होती. 'बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप सी' यातील खोल समुद्र त्याने पाहिलेला नसे. 'इकडे आड, तिकडे विहीर' ही कोंडी मात्र त्याच्या शिवारातील होती, आणि चांगला शिक्षक समुद्राचे वर्णन न करता आडापाशी जाई. वस्तूच आधी आली, की असा अडसर उरत नसे. धाराशिव जिल्ह्यातील येडशी व तेर या गावांवरून जाणारी बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली, आणि संमतीसाठी 'हिरवा कंदील दाखवणे' किंवा काम मार्गी लागण्यासाठी 'गाडी रुळावर येणे' असे म्हणताना ज्याने स्टेशनावर कंदील आणि रूळ पाहिले होते, त्याला अर्थ विचारावा लागला नाही. याउलट 'हिमनगाचे टोक' हा प्रयोग पुस्तकांतून आणि वृत्तपत्रांतून आला आणि हिमनग न पाहताही रूढ झाला.

संस्थान भारतात आणणाऱ्या सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर शाळांचे माध्यम मराठी होत गेले आणि इंग्रजी व मराठी या भागात प्रथमच समोरासमोर आल्या. नेमक्या त्याच सुमारास भारतातील इंग्रजी अध्यापनात रचनापद्धतीचा प्रवेश झाला. या पद्धतीत वाक्यरचनेचे साचे सोप्याकडून कठिणाकडे क्रमाने सरावाने शिकवले जात आणि शब्दसंख्या मर्यादित ठेवली जाई. अशा मर्यादेचा नमुना म्हणजे मायकेल वेस्ट यांची १९५३ मधील निवडक इंग्रजी शब्दांची यादी; तीत सुमारे दोन हजार शब्द होते. भाषांतराला वर्गातून बाहेर काढणाऱ्या या विचाराने पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्यांचे ओझे हलके केले, हे मान्य करावे लागते, परंतु उर्दूची मध्यस्थी संपून दोन भाषांतील वाक्प्रचार शेजारी ठेवून पाहणे शक्य झाले, त्याच वेळी ते पाहण्याची पद्धत मागे पडली, ही या मुलखाची मोठी हानी होय.

मोकळ्या राहिलेल्या जागेत गाइडे आली आणि नंतर स्पर्धा परीक्षांची पुस्तके आली. २००० साली महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली तरी वाक्प्रचारांचा सलग अभ्यास बहुतेकांच्या वाट्याला येतो तो अशा एखाद्या परीक्षेची तयारी करतानाच. तेथे ते वर्णानुक्रमाने, समोर एकेक अर्थ देऊन छापलेले असतात. 'बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप सी' याच्या समोर 'दुहेरी संकटात' असे असते, आणि चार पर्यायांतून एक निवडण्यास तेवढे पुरते.